सायनसला कोणती गोळी?

९ जानेवारी १९२९ची गोष्ट. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे मदतनीस स्टुअर्ट क्रॅडॉक सायनसने हैराण झाले होते. गालाच्या हाडामागची पोकळी पुवाने भरलेली. फ्लेमिंग यांनी आपल्या बुरशीचा गाळलेला रस त्या पोकळीत सोडला. पेनिसिलिन माणसावर वापरून पाहिल्याची ही बहुधा पहिलीच नोंद. निकाल मात्र अर्धामुर्धा लागला. पुवातले स्टॅफिलोकॉकस जवळपास नाहीसे झाले, पण हिमोफिलस इन्फ्लुएंझा नावाचा दुसरा जंतू होता तिथेच राहिला. जगातल्या सर्वांत गाजलेल्या अँटिबायोटिकचा पहिला रुग्ण सायनसचाच निघावा आणि त्याला ते फारसं लागू पडू नये, हा योगायोग मोठा मजेशीर आहे. कारण त्यानंतर शंभरेक वर्षांत औषधं डझनावारी आली, तरी ‘सायनसला कोणतं अँटिबायोटिक चांगलं?’ या प्रश्नाचं उत्तर अजूनही तसंच अर्धंमुर्धं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी मेडिकलवाल्याला विचारला जातो. हवा पालटली की काउंटरवर माणूस उभा राहतो. आवाज बसलेला, एक हात कपाळावर. ‘सर्दी डोक्यात गेलीय, खाली वाकलं की ठणकतं. मागच्या वेळी ते तीन गोळ्यांचं दिलं होतं ना, तेच द्या.’ तीन गोळ्यांचं म्हणजे अझिथ्रोमायसिन पाचशे. जरा जाणकार गिऱ्हाईक ‘सिक्स ट्वेंटीफाइव्ह’ मागतं, म्हणजे अमॉक्सिसिलिन पाचशे आणि क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड सव्वाशे मिलिग्रॅम. चार-पाच दिवसांत डोकं हलकं होतं आणि गोळीला यश मिळतं. त्या यशातला गोळीचा वाटा नेमका किती, हे शोधायला युरोप-अमेरिकेत गेली तीस-चाळीस वर्षं बरीच मेहनत झाली आहे. हाती आलेलं उत्तर औषध कंपन्यांना आणि रुग्णांना, दोघांनाही फारसं रुचणारं नाही.

मुळात हा आजार बहुतेक वेळा जिवाणूंचा नसतोच. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि तीच नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांपर्यंत पोहोचते. अशा सर्दी-पडशातून पुढे जिवाणूंचा संसर्ग होण्याचं प्रमाण प्रौढांमध्ये अर्धा ते दोन टक्के धरलं जातं. १९९४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जॅक ग्वाल्टनी यांनी एक साधा प्रयोग केला. नुकतीच सर्दी झालेल्या ३१ प्रौढांचे सीटी स्कॅन काढले. त्यातल्या ८७ टक्के लोकांच्या गालांमागच्या पोकळ्यांत बिघाड दिसला: कुठे सूज, कुठे साचलेला द्रव, कुठे बंद झालेलं तोंड. पंधरवड्याने काहींचे स्कॅन पुन्हा काढले, तर बहुतेकांचं चित्र कोणत्याही अँटिबायोटिकशिवाय निवळलं होतं. म्हणजे पाच दिवसांच्या सर्दीत काढलेल्या पीएनएस, म्हणजे सायनसच्या, एक्स-रेवर ‘सायनसमध्ये पाणी दिसतंय’ असा शेरा आला, तर त्यातून सर्दी झाली आहे एवढंच कळतं. ती गोष्ट रुग्णाला एक्स-रेच्या आधीच ठाऊक असते.

शेंबडाच्या रंगाचंही तसंच. पिवळा-हिरवा झाला की ‘पिकला’, आणि पिकला म्हणजे अँटिबायोटिक लागणार, हे समीकरण घराघरांत पक्कं आहे. पण तो रंग येतो तो शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींमुळे. विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो येतोच. मुलांवर झालेल्या आणि २०२३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या चाचणीत हे मुद्दाम तपासलं होतं. ज्यांचा शेंबूड रंगीत होता आणि ज्यांचा नव्हता, त्यांना अँटिबायोटिकचा झालेला फायदा वेगळा नव्हता.

मग जिवाणूंचा सायनस ओळखायचा कसा? अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयडीएसएने, २०१२ साली तीन खुणा सांगितल्या. त्या आजही बहुतेक ठिकाणी वापरल्या जातात. दहा दिवस उलटले तरी त्रास तसूभरही कमी नाही, ही पहिली. सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस १०२ फॅरनहाइटच्या वर ताप आणि सोबत पू किंवा चेहऱ्याचा ठणका, ही दुसरी. तिसरी सर्वांत बोलकी: पाच-सहा दिवसांत सर्दी ओसरायला लागते, माणूस कामावरही जातो, आणि अचानक ताप, डोकेदुखी, शेंबूड दुप्पट जोराने परततात. यांतली एकही खूण नसेल, तर कोणतं अँटिबायोटिक हा प्रश्नच उरत नाही.

आणि खुणा असल्या तरी गोळीचा फायदा किती? इथे चाचण्यांचे निकाल एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण उपयोगी आहे.

नॉर्वेत १९९६ साली मॉर्टेन लिंडबेक आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर सायनस नक्की झालेले १३० रुग्ण घेतले. काहींना अमॉक्सिसिलिन, काहींना तोंडाने घ्यायचं जुनं पेनिसिलिन व्ही, तर उरलेल्यांना औषध नसलेली, दिसायला सारखीच गोळी दिली. दहा दिवसांनी औषधवाल्यांपैकी ८६ टक्के आणि बिनऔषधवाल्यांपैकी ५७ टक्के लोक बरे किंवा बरेच सुधारलेले होते. आजाराचा मध्यम कालावधी अमॉक्सिसिलिनवर ९ दिवस, पेनिसिलिनवर ११ आणि पोकळ गोळीवर १७. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा मुळीच नाही. पण पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधून उलट निकाल आला. २१४ रुग्णांत अमॉक्सिसिलिनवर ८३ टक्के सुधारले आणि पोकळ गोळीवर ७७ टक्के. तिथल्याच फॅमिली डॉक्टरांनी त्याच साली डॉक्सिसायक्लिनची चाचणी केली, त्यातही औषधाचा ठळक फायदा दिसला नाही.

सर्वांत चर्चा झाली ती २०१२च्या सेंट लुइसमधल्या चाचणीची. जेन गारबट आणि सहकाऱ्यांनी १६६ प्रौढांना दहा दिवस अमॉक्सिसिलिन किंवा पोकळ गोळी दिली. दुखणं, ताप, नाक चोंदणं यांवरची नेहमीची औषधं दोन्ही गटांना मिळाली. तिसऱ्या दिवशी बरं वाटणारे ३७ विरुद्ध ३४ टक्के. सातव्या दिवशी ७४ विरुद्ध ५६, म्हणजे औषधाची बाजू वर. दहाव्या दिवशी ७८ विरुद्ध ८०, पोकळ गोळी दोन टक्क्यांनी पुढे! अमॉक्सिसिलिनने मिळालं ते सातव्या दिवसाच्या आसपासचं थोडं लवकर बरं वाटणं, एवढंच.

या सगळ्यांची मोट बांधून २०१८ साली कोक्रेन संस्थेने १५ चाचण्या आणि ३,०५७ रुग्णांचा हिशेब मांडला. अँटिबायोटिकशिवाय आठवड्यात ४६ टक्के आणि दोन आठवड्यांत ६४ टक्के लोक पूर्ण बरे. अँटिबायोटिक दिल्यास शंभरात फार तर पाच ते अकरा माणसं लवकर बरी होतात. जुलाब, मळमळ, पुरळ असे उपद्रव मात्र शंभरात तेरा जणांना जास्तीचे. निव्वळ लक्षणांवरून निदान केलं तर एका माणसाला लवकर बरं करण्यासाठी १९ जणांना औषध द्यावं लागतं. सीटीवर पोकळीत द्रव दिसला असेल तर पाच पुरतात. नॉर्वे आणि नेदरलँड्स यांचं भांडण इथे मिटतं. ज्याच्या पोकळीत खरोखरच पू आहे त्याला औषध लागू पडतं. ज्याला नुसती लांबलेली सर्दी आहे त्याच्या वाट्याला जुलाब येतात. पण म्हणून प्रत्येकाचा सीटी काढायचा का? कोक्रेनचे लेखकही तसं म्हणत नाहीत. खर्च आणि किरणांचा मारा पाहता ते परवडणारं नाही.

आता खरा मुद्दा, औषधांची आपापसातली कुस्ती. इथे निकाल आश्चर्य वाटावं इतका एकसुरी आहे. १९९८ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २७ चाचण्यांचं विश्लेषण आलं: महागडी नवी अँटिबायोटिक्स अमॉक्सिसिलिन किंवा को-ट्रायमॉक्झॅझोलपेक्षा सरस नाहीत. २००१ साली ‘जामा’त अमेरिकेतल्या २९,१०२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. स्वस्त, पहिल्या फळीच्या औषधांवर ९०.१ टक्के लोक बरे झाले, महागड्यांवर ९०.८ टक्के. खर्च मात्र जवळजवळ दुप्पट. २०१४च्या कोक्रेन आढाव्यात औषध विरुद्ध औषध अशा ५४ चाचण्या होत्या आणि त्यातूनही एखादं औषध विजेता म्हणून पुढे आलं नाही.

हा निकाल वाचून ‘म्हणजे सगळीच चांगली’ असं वाटू शकतं. गोम तिथेच आहे. दोन गोळ्या सारख्याच निघतात याचा अर्थ दोन्ही उत्तम असाही होतो आणि दोन्ही पोकळ गोळीइतक्याच असाही. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात नवं औषध जुन्याशी लढवलं की बरोबरी होणार हे जवळपास ठरलेलंच. कंपन्यांना ही वाट सोयीची होती. टेलिथ्रोमायसिन हे या वाटेवरचं सर्वांत वाईट वळण. २००४ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने त्याला सायनस, ब्रॉन्कायटिस आणि न्यूमोनिया यांसाठी परवानगी दिली. सायनसच्या चाचण्यांत त्याची तुलना इतर अँटिबायोटिक्सशी झाली होती, पोकळ गोळीशी नाही. त्याची सुरक्षितता दाखवणाऱ्या चोवीस हजारांवर रुग्णांच्या चाचणीत बनवाबनवी निघाली आणि अलाबामातल्या एका डॉक्टरला तुरुंगात जावं लागलं. पुढे यकृत निकामी होण्याच्या घटना समोर आल्या, मृत्यूही झाले. फेब्रुवारी २००७मध्ये सायनस आणि ब्रॉन्कायटिस ही दोन्ही कारणं परवान्यातून काढली गेली. जो आजार बहुतेकदा आपसूक बरा होतो त्यासाठी यकृत पणाला लावायचं कशाला, हा हिशेब उशिरा का होईना झाला. पुढे एफडीएने सायनसच्या नव्या औषधाने नुसती बरोबरी न दाखवता सरस ठरावं, अशी अपेक्षा ठेवायला सुरुवात केली.

मग औषध निवडायचं कशावरून? चाचण्यांतला फरक नगण्य असेल, तर जंतू कोणते, त्यांना कशाची सवय झाली आहे आणि गोळीचा उपद्रव किती, यावरून.

सायनसमध्ये मुख्य जंतू तीन: न्यूमोकॉकस, क्रॅडॉकला न सोडणारा हिमोफिलस आणि मोरॅक्सेला. १९७२ साली बाजारात आलेलं अमॉक्सिसिलिन पहिल्या दोघांवर चालतं, स्वस्त आहे आणि पोटाला तुलनेने सोसवतं. अडचण अशी की हिमोफिलसच्या बऱ्याच जाती आणि मोरॅक्सेलाच्या बहुतेक सगळ्या जाती बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर बनवतात आणि त्याने पेनिसिलिनच्या कुळातलं औषध फोडून टाकतात. त्यावर तोड म्हणून इंग्लंडच्या बीचम कंपनीने क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड शोधलं. ते स्वतः जंतू मारण्यात कमकुवत, पण त्या विकराला अडवून अमॉक्सिसिलिनला काम करू देतं. १९८१ साली हे जोडऔषध ऑगमेंटिन नावाने आलं आणि भारतात आज त्याच्या शेकडो आवृत्त्या आहेत. जुलाबांचं मोठं कारण हेच क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजांच्या पाश्चात्त्य नोंदींत हे जोडऔषध वरच्या क्रमांकावर असतं. इजा क्वचित होते, पण वयस्कर पुरुषांत आणि लांबलेल्या कोर्समध्ये जास्त.

इथेच दोन देशांच्या मार्गदर्शक सूचना एकमेकांना छेद देतात. आयडीएसए म्हणते, पहिली निवड अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, कारण न्यूमोकॉकसची लस सर्रास झाल्यापासून हिमोफिलसचा वाटा वाढला आहे. अमेरिकेतल्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांची संघटना २०१५मध्ये म्हणाली, साधं अमॉक्सिसिलिन असो की जोडऔषध, दोन्ही चालेल, आणि रुग्ण पुन्हा दाखवायला येऊ शकत असेल तर नुसती वाट पाहणंही चालेल. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने २०१७ साली तर थेट पेनिसिलिन व्हीलाच पहिला मान दिला: पाचशे मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. जोडऔषध फक्त प्रकृती फार खालावलेल्यांसाठी राखलेलं. वरवर पाहता पेनिसिलिन व्ही हिमोफिलसवर दुबळं, म्हणजे निवड चुकीची. पण नाइसचा तर्क वेगळा आहे. बहुतेकांना काहीच लागत नाही, तर ज्याने शरीरातल्या बाकीच्या जंतूंचं सर्वांत कमी नुकसान होईल तेच द्यावं. नॉर्वेच्या चाचणीत पेनिसिलिन व्ही अमॉक्सिसिलिनच्या मागे होतं ते दोनच दिवसांनी. दोन्ही बाजू पाहता, धडधाकट माणसाला साधं अमॉक्सिसिलिन आणि मधुमेह, वय, अलीकडेच घेतलेलं अँटिबायोटिक किंवा जोरदार ताप असेल तर जोडऔषध, ही मधली वाट जास्त पटते. आपल्याकडे साधं अमॉक्सिसिलिन लिहून देणं म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं दिलं अशी रुग्णाची समजूत असते. तिला चाचण्यांचा आधार नाही.

डोस वाढवून पाहण्याचाही प्रयत्न झाला. २०२१ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत जोडऔषधाचा नेहमीचा डोस आणि अमॉक्सिसिलिन दुप्पट केलेला डोस यांची तुलना झाली. तिसऱ्या दिवशी बरं वाटणाऱ्यांत फरक पडला नाही.

पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्यांना डॉक्सिसायक्लिन. मुंबईत पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसपासून बचावासाठी देतात ती हीच गोळी. स्वस्त, जुनी, मुख्य जंतूंवर बऱ्यापैकी चालणारी. गर्भवतींना देत नाहीत, उन्हात त्वचा भाजते, आणि घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम करते. मुळात अॅलर्जी आहे का हेही एकदा तपासून घ्यावं. अमेरिकेत दहापैकी एकाच्या कागदांवर पेनिसिलिनची अॅलर्जी लिहिलेली असते आणि तपासणीत त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना ती नसते.

तीन गोळ्यांच्या अझिथ्रोमायसिनबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण भारतात तेच सर्वांत जास्त खपतं. २०१९ सालच्या खासगी बाजारातल्या विक्रीचा अभ्यास ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशिया आवृत्तीत २०२२ साली आला. त्यात अझिथ्रोमायसिन पाचशेची गोळी पहिल्या क्रमांकावर होती, एकूण खपाच्या ७.६ टक्के. तिच्या लोकप्रियतेचं कारण उघड आहे: दिवसातून एक, तीन दिवस, पोट फारसं बिघडत नाही, आणि सर्दी तशीही ओसरत आलेली असते. औषध पेशींत साठून हळूहळू उतरतं म्हणून तीन दिवस पुरतात. त्याचाच उलटा परिणामही होतो. आठवडा-दोन आठवडे अंगात रेंगाळणारी अपुरी मात्रा जंतूंना तालीम देते. बेल्जियममध्ये २२४ निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २००७ साली ‘लॅन्सेट’ने छापलेल्या प्रयोगात या कुळातल्या औषधांच्या एका कोर्सनंतर घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये आलेला प्रतिकार सहा महिने उलटले तरी टिकून होता. न्यूमोकॉकस या कुळाला दाद देईनासा झाल्यामुळेच आयडीएसएने २०१२मध्ये सायनससाठी हे औषध सुचवायचं बंद केलं. हृदयाची लय बिघडण्याचा धोका असलेल्यांना तर ते जपूनच द्यायचं असतं. आणि टायफॉइडवर हाताशी उरलेल्या थोड्या गोळ्यांपैकी ती एक आहे. सर्दीसाठी ती खर्ची घालणं भारताला परवडणारं नाही.

त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर सेफिक्झिम दोनशे होतं, ६.५ टक्के. न्यूमोकॉकसवर ते कच्चं पडतं, म्हणून सायनससाठी एकटं वापरण्याची शिफारस आयडीएसए करत नाही. ‘सेप्ट्रान’ म्हणून जुन्या पिढीला ठाऊक असलेलं को-ट्रायमॉक्झॅझोलही प्रतिकारामुळे बाद झालं आहे. याच अभ्यासातली आणखी एक बाब सायनसपलीकडची आहे: खपलेल्या मात्रांपैकी ४७ टक्के औषधं केंद्रीय नियामकाची मंजुरी नसलेल्या स्वरूपातली होती.

उरतात लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. ही जोडी तिन्ही जंतूंवर जोरकस, कागदावर सर्वांत देखणी. चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात मात्र पेनिसिलिन कुळापेक्षा सरस ठरलेली नाही. स्नायुबंध तुटणं, नसांना इजा, मानसिक गोंधळ अशा तक्रारी वाढत गेल्या, आणि जुलै २०१६मध्ये एफडीएने बजावलं की सायनससारख्या आजारात दुसरा पर्याय असेल तर ही औषधं देऊ नयेत. भारतासाठी दुसरंही कारण आहे. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर याच कुळाची भिस्त आहे, आणि खोकल्याच्या रुग्णाला ती उगाच दिली तर लपलेला टीबी काही काळ दबतो, निदान लांबतं. कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या हाती ती राहावीत, पहिल्या भेटीच्या चिठ्ठीवर येऊ नयेत.

किती दिवस घ्यायचं, यावर पूर्वी दहा-चौदा दिवस हे ब्रह्मवाक्य होतं. आता आयडीएसए प्रौढांना पाच ते सात दिवस सांगते, नाइस पाच. कमी दिवसांच्या आणि जास्त दिवसांच्या कोर्सची तुलना केलेल्या चाचण्यांत बरं होण्यात फरक नाही, लांबलेल्या कोर्समध्ये उपद्रव मात्र जास्त. ‘कोर्स पूर्ण करा नाहीतर जंतू बळकट होतील’ हा सल्ला टीबीसाठी खरा आहे. इतर बऱ्याच संसर्गांत त्याला भक्कम पुरावा नसल्याचं ‘बीएमजे’मधल्या २०१७ सालच्या एका गाजलेल्या लेखात मांडलं होतं. याचा अर्थ बरं वाटल्याबरोबर स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवायच्या असा नाही. डॉक्टरांनी मुळातच कमी दिवस लिहायचे असा आहे. आणि उरलेल्या चार गोळ्या पुढच्या सर्दीसाठी डब्यात जपून ठेवायच्या, ही सवय सोडायला हवी.

अँटिबायोटिकशिवायचे दिवस काढायचे कसे? पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, वाफेने वाटणारा तात्पुरता आराम. नाकात मारायचे स्टेरॉइडचे फवारे थोडा, पण खरा फायदा देतात. कोक्रेनच्या एका आढाव्यात फवाऱ्यावर ७३ टक्के आणि पोकळ फवाऱ्यावर ६६ टक्के लोक सुधारले होते. नाक मोकळं करणारे झायलोमेटॅझोलिनचे थेंब तीन-पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक थेंबांशिवाय उघडेनासं होतं. जलनेती करणाऱ्यांनी मीठपाणी उकळून गार केलेल्या पाण्याचंच घ्यावं. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतलेले दोघे मेंदूत शिरणाऱ्या अमीबामुळे दगावले होते.

कायद्याच्या बाजूने भारतात उपाय झाले आहेत. १ मार्च २०१४पासून लागू झालेल्या एच-वन यादीत सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं आली. त्यांची विक्री चिठ्ठीशिवाय करता येत नाही आणि दुकानदाराला रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह नोंद ठेवावी लागते. २०१६पासून स्ट्रिपवरच्या लाल रेघेचा अर्थ सांगणारी मोहीम निघाली. अझिथ्रोमायसिनच्या स्ट्रिपवरही ती रेघ असते. सर्दीने बेजार माणूस ती पाहतो का, आणि दुकानदार तिला किती मान देतो, याचं उत्तर कोणत्याही नाक्यावर मिळेल. आपल्या महाराष्ट्रातच, पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन सामान्य माणसापर्यंत पोहोचावं म्हणून. आज अडचण नेमकी उलटी झाली आहे.

वाट पाहण्याच्या या सल्ल्याला दोन अपवाद ध्यानात ठेवायचे. एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त पू येत असेल तर वरच्या दाढेचं मूळ तपासावं. दाढ किडलेली असेल तर कोणतीही गोळी पुरत नाही, दंतवैद्यच लागतो. दुसरा अपवाद जिवावरचा. २०२१च्या मे महिन्यात कोविडमधून उठलेल्या मधुमेहींच्या सायनसमध्ये म्युकरची बुरशी शिरली तेव्हा महाराष्ट्राने शेकडो रुग्णांनी वरचे जबडे आणि डोळे गमावल्याचं पाहिलं. त्यावरच्या ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतून धावत होते. बुरशीला कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही. सहापंचवीसच्या दोन-दोन स्ट्रिपा संपेपर्यंत थांबलेल्यांनी तिथे मोलाचे दिवस घालवले. म्हणून साखर वाढलेली असेल, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असेल, तर दहा दिवसांचा नियम लावत बसू नये. आणि कुणाच्याही डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, गाल बधिर झाला, नाकातून काळपट काही आलं, कपाळावर टेंगूळ उठलं किंवा मान आखडून डोकं असह्य दुखू लागलं, तर मेडिकलच्या पायरीवर न थांबता त्याच दिवशी कान-नाक-घसा विभाग असलेल्या रुग्णालयात जावं.